देवीकडे नळी नको

मी दसऱ्याला माळ ओवत नाही. फुलं सुटी वाहते. माझी मुलगी वर्षा दर वर्षी सुईदोरा माझ्यापुढे आणून ठेवते आणि दर वर्षी मी तो तिच्या शिवणाच्या डब्यात परत टाकते. न ओवण्याचं कारण तिला माहीत आहे. तरी ठेवते. पुरेशी वर्षं गेली की दोरा हा नुसता दोरा होतो, असं तिला वाटत असावं.

यंदाही इथे परदेशात, वर्षाच्या पार्सिपनीत झाडं तांबडी व्हायला लागली, दुकानांच्या दारांत भोपळ्यांशेजारी झेंडूच्या कुंड्या मांडल्या गेल्या आणि मी ओळखलं, आला दसरा. इथला झेंडू बुटका. देठ मोडला तरी हाताला वास लागत नाही. स्वयंपाकघरात बसून मी फुलं खुडत होते आणि पलीकडे टीव्ही चालू होता. दक्षिणेकडच्या कुठल्याशा राज्यात आता पिस्तूल बाळगून बाहेर पडायला परवाना लागणार नाही म्हणे. कोटातला एक माणूस म्हणत होता, हा आमचा हक्क. एक बाई म्हणत होती, हा वेडेपणा. दोघांचे केस व्यवस्थित बसवलेले होते.

"बंद कर ते," मी म्हटलं.

"आई, न्यूज आहे."

"कसली न्यूज? शिळं आहे."

वर्षाने आवाज कमी केला, बंद केला नाही. ओठ हलत राहिले. त्या ओठांकडे बघत मी फुलं खुडली.

माझ्या नवऱ्याचा उजवा हात अशाच एका दसऱ्याला गेला. खांद्यापासून नाही, तेवढं नाटक नाही त्यात. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि तळव्याचा मधला भाग. म्हणजे हाताचं जे काही कामाचं असतं ते सगळं. उरलेली बोटं नुसती सोबतीला राहिली.

तेव्हा आम्ही याच देशाच्या दक्षिणेत राहत होतो, संत्र्यांच्या मुलखात. सन ऐंशी उलटून गेलं होतं, वर्षा सहावीत होती. मी मूळची वरूडजवळच्या खेड्यातली. चौथी झाले आणि शाळा सुटली. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलीला नदीपलीकडे पाठवण्याइतकं शिक्षण मोठं नव्हतं. संत्र्यांच्या बागेत वाढले, लग्न झालं, विमानात बसले, आणि उतरले तर पुन्हा संत्रीच. फरक एवढाच की आमच्याकडे बागेत माणसं दिसायची, इथे यंत्रं दिसायची.

तिकडे पानगळ नव्हती. ऑक्टोबर आला तरी ऊन हटायचं नाही. ते आमच्या वऱ्हाडातल्या आश्विनासारखंच असायचं, सकाळी कोवळं आणि दुपारी डोक्यात शिरणारं. ओकच्या झाडांना राखाडी शेवाळाच्या जटा लोंबत असायच्या. जोडीजोडीने उडणारे काळे किडे गाडीच्या काचेवर चिकटून मरायचे आणि घासले तरी निघायचे नाहीत. फळं हिरवीच असायची, पण हिरव्यातही एक पिवळी झाक आलेली असायची आणि वारा पडला की सालीचा कडवट वास यायचा. तो वास आला की मला माहेर आठवायचं. आता तो वास आला की दुसरंच आठवतं. एका हाताबरोबर माझं माहेरही गेलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

हे एका इंजिनियरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. तेव्हा नकाशे हाताने काढायचे. मी कधी त्यांच्या ऑफिसात गेले नाही, पण घरी जेवणाच्या टेबलावर ते तिथल्या मराठी मंडळाचे फलक रंगवायचे तेव्हा मी समोर भाजी निवडत बसायची. पट्टी न लावता सरळ रेघ. 'श्री' काढला की त्याची वेलांटी कशी, गाईच्या वळलेल्या मानेसारखी. जेवतानाही तोच हात. वरणभात कालवला तरी बोटांच्या दुसऱ्या पेराच्या वर काही लागायचं नाही. माझ्या आईने लग्नात त्यांना जेवताना बघितलं आणि म्हणाली, माणूस चांगला आहे. तिने पगार विचारला नव्हता.

मंडळात भटजी नव्हता. हे वडिलांकडून पूजा शिकलेले होते, म्हणून गणपतीपासून सत्यनारायणापर्यंत सगळीकडे हेच. सगळे त्यांना नाना म्हणायचे. गावात मराठी घरं थोडी, बहुतेक डॉक्टर आणि इंजिनियर. त्यांत आमचं जवळचं घर एकच, डॉक्टर रेग्यांचं. पुण्याचे. ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर. त्यांची बायको मंदा माझ्याहून दहा वर्षांनी लहान, एमए झालेली, पण मला वहिनी म्हणायची आणि पुरणाचं पाणी किती आटवायचं ते मलाच विचारायची. त्यांना मूल नव्हतं. वर्षावर दोघांचा जीव. हे मी सांगते आहे कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की डॉक्टर वाईट माणूस होता. वाईट माणसाशी भांडता येतं.

त्या उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर दोन पोरांनी डॉक्टरांना गाडीवर ढकललं. घड्याळ हिसकलं, चष्मा पायाखाली चिरडला आणि आपल्या देशात परत जा म्हणून तोंडावर थुंकले. डॉक्टर घरी आले ते बेसिनपाशी उभे राहून तोंड धुतच राहिले, असं मंदा सांगायची. भीती खोटी नव्हती. मी कधी तसं म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिस्तूल आणलं.

आणि नेमका त्याच वर्षी राज्यात पिस्तुलाच्या परवान्यावर वाद पेटलेला होता. वर्षा पेपर वाचून मला सांगायची. कुणी म्हणे परवाना सोपा करा, कुणी म्हणे हवाच कशाला, कुणी म्हणे अजून कडक करा. आमच्या घरी शनिवारी जेवायला चार माणसं जमली की हाच विषय. बायका पोळ्या लाटायच्या आणि पुरुष आपापल्या बाजूने राज्य चालवायचे.

"परमिट म्हणजे काय हो नाना?" डॉक्टर म्हणायचे. "ऑफिसात जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, रांगेत उभं राहायचं. खिडकीतला माणूस आधी माझं तोंड बघणार, मग माझं नाव वाचायला अडखळणार, आणि मग म्हणणार, सॉरी. ज्यांनी मला मारलं त्यांनी कुठलं परमिट काढलं होतं?"

"इथे न्हाव्याला केस कापायला लायसन लागतं डॉक्टर."

"कात्री कुणाला वाचवत नाही."

"आणि तुम्हाला? भूल द्यायला लागतं की नाही?"

"ते वेगळं. भूल दुसऱ्याला द्यायची असते."

"मग गोळी काय स्वतःला घालून घ्यायची असते?"

सगळे हसायचे. डॉक्टरही हसायचे. मग म्हणायचे, "नाना, यार, गन माणसाला मारत नाही. माणूस माणसाला मारतो." हे वाक्य तिकडच्या गाड्यांच्या मागे चिकटवलेलं असायचं. डॉक्टरांनी ते गाडीवर चिकटवलं नव्हतं, तोंडात ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर डॉक्टरांचं ते खिडकीतल्या माणसाचं बोलणं मला पटायचं. मीही खिडक्यांपुढे उभी राहिलेली आहे. माझी सही बघून भुवई वर गेलेली मी बघितली आहे. पण खिडकीतला माणूस उर्मट असतो म्हणून खिडकीच काढून टाकायची, हे मात्र मला तेव्हाही कळलं नाही. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार देतात. बोथट असते, शोभेची असते, तरी तिच्या टोकाला लिंबू खोचतात. कुणी नवरदेवावर संशय घेतलेला नसतो. पण लग्नघर आहे, गर्दी आहे, पोरं धावताहेत. एवढंच.

आश्विन लागला आणि नवा कायदा लागू झाला. त्या कायद्यात कुठेतरी एक फट राहून गेली होती. लपवून बाळगायचं तर परवाना, पण उघडं, कमरेला लटकवून फिरायचं तर काहीच नको. ही फट मुद्दाम ठेवली की चुकून राहिली, यावर पुढे पेपरात पुष्कळ लिहून आलं. मला तेवढंच माहीत आहे जेवढं मी बघितलं. दुकानात ब्रेडच्या रांगेत माझ्यापुढे एक माणूस होता, अर्ध्या चड्डीत, एका हातात दुधाचा कॅन आणि कमरेला पिस्तूल. पैसे देताना तो वाकला आणि पिस्तुलाचा दस्ता माझ्या पिशवीला घासला. "एक्स्क्यूज मी," म्हणाला. माणूस सभ्य होता.

गलका झाला. थोड्याच दिवसांत आमदार पुन्हा जमले आणि त्यांनी ती फट बुजवली. पण त्या थोड्या दिवसांतच दसरा आला.

दसरा आम्ही शनिवारी करायचो. पंचांग काहीही म्हणो, साहेबाचं पंचांग वेगळं. चर्चच्या आवारातला एक हॉल भाड्याने घ्यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर लाल कापड, त्यावर देवीची तसबीर आणि पुढे शस्त्रं. खंडेनवमी आणि दसरा एकत्रच उरकायचा. शस्त्रं म्हणजे काय, ज्याचं त्याचं हत्यार. ह्यांची कंपासपेटी, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, कुणाचा कॅल्क्युलेटर, गाड्यांच्या किल्ल्या, माझी विळी. विळी मी गावाहून आणलेली. कस्टमवाल्याने ती हातात घेऊन मला विचारलं होतं, हे काय? मी मांडी घालून, पायाखाली पाट असल्यासारखं करून दाखवलं. त्याने सोडली.

आपट्याचं झाड तिकडे नाही. रेडबड नावाचं एक झाड आहे, त्याचं पान एकसंध, पण ठेवण आपट्याची. आमच्या मागच्या अंगणात ते होतं. मंडळाचं सोनं आमच्याच घरून जायचं. त्या सकाळी मी आणि वर्षाने टोपलीभर पानं तोडली. मग मी माळा ओवल्या. झेंडू तिकडे रसरशीत यायचा, आणि हवा दमट असल्यामुळे सुती दोरा कुजून तुटायचा, म्हणून मी नायलॉनचा घेतला.

संध्याकाळी डॉक्टर हॉलमध्ये आले. मोतिया रेशमी झब्बा, जरीकाठी उपरणं आणि झब्ब्यावरून आवळलेला चामडी पट्टा. पट्ट्याला म्यान, म्यानात पिस्तूल. सगळे माना वळवून बघायला लागले. मंदा दोन पावलं मागून येत होती, हातात श्रीखंडाचा डबा, चेहरा पडलेला.

"काय डॉक्टर," हे म्हणाले, "लिंबू कुठाय?"

हॉलभर हशा.

"नाना, आज मुहूर्त आहे," डॉक्टर म्हणाले. "आयुष्यभर आपण शस्त्रपूजेला कात्र्या-किल्ल्या पुजल्या. आज पहिल्यांदा खरं शस्त्र. आणि कायद्याने! कुणाच्या बापाची परवानगी न घेता!"

त्यांनी ते काढून लाल कापडावर ठेवलं. काळं, तेलकट, माझ्या विळीपेक्षा लहान. ठेवलं ते देवीकडे तोंड करून.

ह्यांनी हात पुढे केला आणि थबकले. "रिकामं केलंय ना?"

"नाना! देवीपुढे रिकामं शस्त्र ठेवतात का? रिकामी ओटी भरता का तुम्ही?"

पुन्हा हशा. मग हे म्हणाले, "बरं, पण देवीकडे नळी नको. देवीवर नेम धरलेला बरा दिसत नाही." आणि त्यांनी ते दोन बोटांनी धरून अलगद फिरवलं. नळी आमच्याकडे झाली.

एकालाही काही वाटलं नाही. एवढे शिकलेले, एवढे देश बघितलेले. मलाही नाही वाटलं. उलट बरं वाटलं, की देवीचा मान राखला. मी पुढे होऊन हळदकुंकू लावलं. पूजेतल्या प्रत्येक वस्तूला लावतात तसं, नळीला एक बोट, दस्त्याला एक बोट. मग ह्यांनी माझी एक माळ त्याच्यावर घातली. सगळ्यांत मोठी होती म्हणून दुहेरी करून घातली.

पूजा झाली, आरती झाली. तीन मुलींनी नाच केला, वर्षाने रामाची गोष्ट इंग्रजीत सांगितली. खरं म्हणजे हत्यारं रात्रभर पूजेत राहू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उचलायची. त्या दिवशी त्यांना सुट्टी असते. पण हॉल भाड्याचा. चर्चचा माणूस किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला होता. म्हणून ह्यांनी तिथेच उत्तरपूजा केली. उत्तरपूजेत देवाला पुन्हा या म्हणतात, अक्षता टाकतात आणि प्रत्येक वस्तू उजव्या हाताने जराशी हलवतात. तसबीर हलवली, कंपासपेटी हलवली, विळी हलवली. पिस्तुलावरची माळ काढायला त्यांनी माळेचं टोक धरलं, तेवढ्यात पलीकडून डॉक्टरांनी दस्ता धरून पिस्तूल उचललं. घाई होती. लोक निघाले होते, त्यांना ते कमरेला लावून सगळ्यांबरोबर बाहेर पडायचं होतं.

दोरा चापाच्या कड्यात गेलेला होता. एकाने धरलं, एकाने ओढलं.

आवाज मी सांगू शकत नाही, कारण नंतर कितीतरी वेळ कानात नुसती शिट्टी होती. कापराच्या वासात दुसरा एक जळका वास मिसळला. झेंडूच्या पाकळ्या हवेत उडाल्या आणि सावकाश खाली आल्या. हे उभेच होते. हाताकडे बघत होते. जणू कुणीतरी त्यांच्या हातात भलतंच काहीतरी ठेवलं होतं.

डॉक्टरांनी उपरणं फाडून असं आवळून बांधलं की हॉस्पिटलात सगळे म्हणाले, उत्तम बांधलंय. तेही खरं आहे. त्यांचा झब्बा कोपरापर्यंत लाल झाला होता आणि ते "नाना, माझ्याकडे बघा, नाना, माझ्याकडे बघा" म्हणत होते. पेशंटला भूल देताना ते असंच म्हणायचे.

पोलीस हॉस्पिटलात आला. उंच, गोरा, म्हाताऱ्याशी बोलावं तसा हळू बोलणारा. मला इंग्रजी जेमतेम. वर्षा मधे उभी राहिली, जरीचं परकर-पोलकं घातलेली. त्याने विचारलं, मी सांगितलं, तिने सांगितलं. मी सांगितलं की डॉक्टरांनी भरलेलं पिस्तूल पूजेत आणलं. तिने किती सांगितलं मला माहीत नाही. पण तिच्या तोंडून "ॲक्सिडेंट" हा शब्द मी ऐकला, आणि तो मी उच्चारलेला नव्हता. पलीकडच्या खुर्चीत डॉक्टरकाका तोंड झाकून रडत होते. लेकराने काय करायचं?

पोलिसाने डॉक्टरांना परमिट आहे का ते विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. कमरेला उघडं होतं. त्याने वही मिटली आणि ह्यांच्या अंगावरून हात फिरवला. म्हणाला, माझा काकाही असाच गेला, बंदूक पुसताना.

महिन्याभराने पिस्तूल डॉक्टरांना परत मिळालं, खाकी कागदाच्या पिशवीत. मंदाने मला सांगितलं. नळीवरचं माझं हळदकुंकू तसंच होतं म्हणाली. पुन्हा या म्हटलं होतं ना, ते आलं.

तोवर त्या कायद्यातली फट बुजवली गेली होती. टीव्हीवर सगळे हात मिळवत होते. हे पलंगावर बसून बघत होते. म्हणाले, "झटपट काम केलं हं." ह्यांचा स्वभाव असा. त्यांच्या जागी मी असते तर टीव्ही फोडला असता.

बंदूक एकदाच उडाली. वाद वर्षभर उडत राहिला. डॉक्टर आधी रोज यायचे, मग आठवड्याने यायचे, आणि जसजसे दिवस गेले तसतसं त्यांचं रडणं आटलं आणि बोलणं वाढलं. "नाना, मी खूप विचार केला. नळी देवीकडेच राहिली असती तर भिंतीत गेली असती गोळी." म्हणजे नळी ह्यांनी फिरवली. "आणि तुम्ही माळ ओढली नसती तर..." म्हणजे माळ ह्यांनी ओढली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, दुःखाने, "वहिनी, सुती दोरा असता ना, तर तुटला असता हो."

मी त्या वेळी चहा ओतत होते. ओतत राहिले. कप भरला, बशी भरली, टेबलावर आला. "भरलेलं कुणी आणलं?" मी म्हटलं.

"ते तर मी लपवलं नव्हतं! मी सर्वांदेखत सांगितलं!"

हे खरं होतं. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. उघडं बाळगलं की परवाना लागत नाही, हा कायदा डॉक्टर मनातही पाळत होते. सगळं उघड होतं, म्हणून अपराध नव्हता. बंदूक माणसाला मारत नाही, माणूस मारतो म्हणायचे. माणूस शोधायची वेळ आली तेव्हा त्यांना सापडला दोरा.

मंडळाच्या लोकांनी तर दोघांनाही समजावलं. जाऊ द्या, परमुलखात आपण मूठभर. वाच्यता नको, गोऱ्यांना हसायला होईल. काहींनी घरी पिस्तूलं आणली होती, ती माळ्यावर टाकली. काहींनी नाही टाकली. परमिटची बाजू घेणारे आणखी जोरात बोलायला लागले, नको म्हणणारेही आणखी जोरात. दोन्ही बाजू बोलताना ह्यांच्या हाताकडे बोट दाखवायच्या. बघा, म्हणून परमिट हवं. बघा, परमिट असतं तरी हे झालंच असतं. माझ्या नवऱ्याचा हात हा दोन्ही पक्षांचा पुरावा झाला. हात टेबलाखाली असायचा.

ऑफिसने काढलं नाही. फायली लावायला बसवलं. हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, ज्यांना त्यांनी रेघ मारायला शिकवली त्या पोरांचे नकाशे कपाटात ठेवायला जायचे. मी संत्र्यांच्या पॅकिंग हाऊसमध्ये कामाला लागले. पट्ट्यावरून फळं वाहत यायची, डागाळलेलं उचलून बाजूला टाकायचं. संध्याकाळी हाताला तोच कडवट वास. घरी आले की हे म्हणायचे, "वरूड आलं."

पण खरी गोष्ट नोकरीची नव्हती. जेवणाची होती. डाव्या हाताने घास तोंडात घालायचा, हे त्यांना जमायला फार दिवस लागले. हाताला जमलं, मनाला नाही. घरात पाठ करून बसायचे. मी म्हटलं चमच्याने खा. म्हणाले, "भात चमच्याने खायला मी आजारी आहे का?" पंगतीत बसणं सुटलं. प्रसाद कुणी पुढे केला की डावा हात अर्धा उठायचा, थांबायचा, मग उजव्याचं ते उरलेलं खाली आधाराला धरायचे. पूजा तर संपलीच. कंपासपेटी त्यांनी वर्षाला दिली. तिने शाळेत नेली आणि हरवली. किंवा हरवली म्हणाली.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर आहेत, नव्वदीला टेकलेत, मंदा त्यांना सांभाळते. दर दसऱ्याला फोन येतो. "वहिनी, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

"फोनवरून सोनं घेता येत नाही," मी म्हणते.

ते हसतात. मग तब्येत, मग हवा. मग मी फोन वर्षाला देते. ती "हो काका, हो काका" करते. ती त्यांच्यावर रागावलेली नाही. तिला दोन्ही बाजू कळतात. ती इथे वाढली, शिकली, तिला प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू कळतात. टीव्हीवर बोलणाऱ्या त्या दोघांसारख्या.

यंदा फोनच्या आधी ती मला म्हणाली, "आई, ही वॉज स्केअर्ड. घाबरलेला माणूस होता तो."

"हो," मी म्हटलं. "घाबरलेल्या माणसाच्या हातात काय द्यायचं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. तेवढंच तर म्हणते मी."

मग मला तो पुढचा दसरा आठवला. हात गेल्यानंतरचा पहिला.

तोच हॉल, तेच लाल कापड. पूजा एका इंजिनियरने पुस्तकात बघून केली. शस्त्रांत या वर्षी फक्त किल्ल्या. हे यायला तयार नव्हते, आणि मग संध्याकाळी स्वतःच अंगणात जाऊन रेडबडची पानं तोडायला लागले, डाव्या हाताने, एकेक. मी खिडकीतून बघत होते. मला कळलं की आज हे मिटवायला निघालेत. ज्याला मिटवायचं असतं तोच दसऱ्याला आधी जातो.

हॉलमध्ये डॉक्टर खांबापाशी उभे होते. वर्षभरात जाडजूड झालेले. हे सरळ त्यांच्याकडे चालत गेले. बोलणी थांबली. सगळ्यांना कळलं होतं काय होणार आहे, आणि सगळ्यांना ते हवं होतं. एकदाचं मिटलं की पुन्हा हसायला मोकळे. मंदा माझा हात धरून उभी होती. ह्यांनी खिशातून पान काढलं आणि डावा हात पुढे केला.

"घ्या डॉक्टर. सोनं घ्या."

डॉक्टरांचे डोळे भरले. त्यांनी हात पुढे केला, आणि आपण पोरांना म्हणतो ना, जन्मभर ऐकलेलं, जन्मभर म्हटलेलं, जिभेवर बसलेलं, ते त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"उजव्या हाताने द्या हो नाना."

बोलले आणि पांढरे पडले. मंदाची नखं माझ्या हातात रुतली. हे रागावले नाहीत. त्यांनी थोडी वाट बघितली, डॉक्टर आणखी काही म्हणतात का ते. वर्षभर बघत होते, आणखी थोडी बघितली.

मग म्हणाले, "तो तुमच्याकडे राहिला, डॉक्टर."

त्यांनी पान डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं आणि आपल्या डाव्या हाताने डॉक्टरांची बोटं एकेक करून त्यावर मिटली. पाचही.

जेवायला श्रीखंड होतं. आम्ही थांबलो नाही.